रघुनाथ मामांचे शेवटचे शब्द

ज्या माणसाच्या मृत्यूच्या वेळी मी समोरच्या घराच्या ओट्यावर तोंड उघडं टाकून झोपलो होतो, त्या माणसाचे शेवटचे शब्द मी स्वतःच्या डोक्यातून तयार केले आणि मद्रासच्या अर्ध्या तिरुवल्लिकेणीला ऐकवले. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. त्यातून मला काही मिळणारही नव्हतं. लहान होतो असंही म्हणायची सोय नाही, कारण मी तेव्हा इंटर पास झालेला, मिशा फुटलेला, टायपिंगची लोअर परीक्षा उरकून हायरच्या तयारीला लागलेला चांगला बाप्या होतो. नोकरी नव्हती. पण वेळ भरपूर होता, आणि माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे वेळ भरपूर असतानाच झालेले आहेत.

हे नीट कळायचं तर समाचाराला जाणं ही काय चीज होती ते आधी सांगायला हवं, कारण हल्ली ती उरलेली नाही. परवा माझ्या नातवाच्या साहेबाचे वडील गेले. त्यानं फोनवर जोडलेल्या हातांचं एक चित्र पाठवलं आणि त्याच अंगठ्यानं पुढच्या क्षणी डोसा मागवला. मी म्हटलं, "अरे, जाऊन तरी ये." तर म्हणाला, "तात्या, जाऊन काय बोलू?" तोच तर प्रश्न होता! आमच्या वेळी त्या प्रश्नाचं अख्खं शास्त्र होतं, आणि मद्रासमधल्या आम्हा तंजावरकडच्या मराठी मंडळींत त्या शास्त्रातले सर्वांत मोठे अधिकारी म्हणजे आमचे अप्पा.

अप्पा जॉर्ज टाउनमधल्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते, पण नोकरी म्हणजे दोन समाचारांच्या मधला वेळ अशीच त्यांची समजूत असावी. त्यांचा एक सदरा फक्त समाचाराचा होता. तो धुऊन पिळून झाला की आई तसाच गोळा करून ठेवी, कारण मेलेल्याच्या घरी इस्त्रीचा सदरा घालून जाणं म्हणजे, अप्पांच्या मते, "तुमचे वडील गेले, मला काय त्याचं" असं तोंडावर सांगण्यासारखं. जाताना हात रिकामे हवेत. एरवी कुणाकडे केळ्याचा फणासुद्धा न घेता गेलं तर आमच्याकडे नाव ठेवत, पण इथे नेमकं उलट. तोंडात पान नको. दारात हाक मारायची नाही, खोकायचं. खुर्ची दिली तरी चटईवर बसायचं. बसल्यावर लगेच बोलायचं नाही, आणि फार वेळ गप्पही राहायचं नाही, घरच्या माणसानं एक सुस्कारा टाकला की विचारायचं, "कसं झालं?" मग तो पहिल्यापासून सगळं सांगणार. ते सगळं आपल्याला आधीच ठाऊक असलं, वाटेत चौघांनी सांगितलेलं असलं, तरी पहिल्यांदाच ऐकतो आहोत असं ऐकायचं, आणि योग्य जागी जिभेनं 'च् च्' करायचं. मेलेला माणूस नव्वदीचा असला तरी "हे का जायचं वय?" म्हणायचं. उठताना निरोप घ्यायचा नाही, आपलं मुकाट्यानं निघायचं, वाटेत कुणाच्या घरात शिरायचं नाही, आणि मागच्या दारी विहिरीवर डोक्यावरून पाणी ओतून मगच घरात यायचं.

अंगावरून निथळत असतानाच अप्पांचं परीक्षण सुरू व्हायचं. आई आत फोडणी करते आहे, मोहरी तडतडते आहे, चिंच-गुळाच्या सांबाराचा वास अंगणभर पसरला आहे, शेजारच्या अय्यरांच्या घरातून रेडिओवरच्या वीणेचे सूर येताहेत, दारात गवळी गाय घेऊन उभा आहे आणि अप्पा ओल्या पंच्यानं पाठ पुसत सांगताहेत, "पोस्टमास्तर बसतात फार चांगले. पण त्यांना उठता येत नाही." किंवा, "तो शेषगिरी! 'कसं झालं' विचारलं आणि उत्तर यायच्या आत आपल्या सासऱ्याचं कसं झालं ते सांगायला लागला. मूर्ख. दुसऱ्याच्या घरी आपलं प्रेत घेऊन जायचं नसतं." आई कधी तरी म्हणे, "अहो, लोक मेल्याचं दुःख करायला जातात, तुम्ही परीक्षा घ्यायला जाता." यावर अप्पा गंभीरपणे म्हणत, "दुःख सगळ्यांनाच होतं. बसायचं कसं ते थोड्यांना कळतं."

आमच्या समोरच्या घरात रघुनाथ मामा राहत. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हे. मद्रासेत शेजारचा कुठलाही पोक्त माणूस मामा आणि त्याची बायको मामी, मग तो तमिळ असो, तेलुगू असो की आमच्यासारखा, तीन शतकांपूर्वी तंजावरला येऊन परतीची वाट विसरलेला मराठी असो. मामा बंदराच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. यमुना मामी बुटक्या, चपळ, बोलायला तिखट. मोठा मुलगा मुकुंद नागपूरला सरकारी हिशेबतपासनीस होता. तिथली बायको करून तो तिथलाच झाला होता आणि सुट्टीवर आला की आमच्या मराठीतल्या चुका काढायचा. आमची मराठी म्हणजे निम्मे शब्द राजांच्या काळचे, निम्मे तमिळ, आणि सूर सगळाच्या सगळा तमिळ. ती त्याच्या कानाला सोसत नसे. धाकटी अंबुजा तांबरमच्या शाळेत शिक्षिका. लग्न जमलेलं नव्हतं आणि ती स्वतः ते जमवायच्या घाईत नव्हती. रोज पहाटे अंधारात डबा घेऊन एग्मोरला जाऊन गाडी पकडायची आणि संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून परतायची. आम्ही सगळे तिला अंबूअक्का म्हणायचो आणि थोडे घाबरायचो.

मामा गेले ते अंबूअक्का गाडीला निघून गेल्यावर. घरात फक्त मामी. त्यामुळे जे काय झालं ते मामींनी पाहिलं, आणि जगात दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही. त्यांची ओरड ऐकून आमच्या आईनं मला ओट्यावरून अक्षरशः ढकलून खाली पाडलं, तेव्हा मी जागा झालो. दुसऱ्या दिवशी मुकुंदअण्णा नागपूरच्या गाडीनं आला. थोरला मुलगा म्हणून समोरच्या खोलीत बसणं आणि येणाऱ्या प्रत्येकाला "कसं झालं" ते सांगणं हे त्याचं काम. मामींनी त्याला सांगितलं होतं तसंच तो सांगायचा, आणि हिशेबतपासनीस असल्यामुळे त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करायचा नाही. मामा नेहमीसारखे पहाटे उठले. तोंड धुतलं. पेपर उघडला. मामींनी फिल्टरमधून डिकाक्शन उतरवून कॉफी दिली. त्यांनी एक घोट घेतला, "डिकाक्शन पातळ आहे" म्हणाले, आणि मान टाकली.

इथे येणाऱ्या मंडळींची मोठी पंचाईत व्हायची. समाचाराला आलेल्या माणसाला शेवटचे शब्द हवे असतात. ते "राम" असावेत, "मुलांना सांभाळा" असावेत, निदान "पाणी" तरी असावं. "डिकाक्शन पातळ आहे" यावर 'च् च्' कुठे करायचं हे आमच्या अप्पांनासुद्धा सुचलं नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी जीभ टाळूला लावली आणि तशीच ठेवली. मग सगळ्यांच्या नजरा आपोआप आतल्या दाराकडे जायच्या, कारण ती कॉफी कुणी केली होती ते दाराआड बसलेलं होतं. बायका आत जाऊन मामींच्या गळ्यात पडायच्या, रडायच्या आणि डोळे पुसता पुसता एखादी हळूच विचारायची, "चिकोरी जास्त पडली होती का हो, पावम्?" पावम् म्हणजे बिचारी. एकीनं तर फिल्टरमध्ये पूड कशी दाबून बसवायची ते मामींना हातानं करून दाखवलं. सुतकातल्या बाईला! आमची आई पहिले काही दिवस त्यांच्याकडे कॉफी करून पाठवत होती आणि ती पितळी कूज्यातून पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मामी सगळं ऐकून घेत होत्या. पण मी नेलेल्या कॉफीला त्यांनी हात लावला नाही.

मुकुंदअण्णाचा आवाज बसला. बसणारच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच सांगायचं, आणि मद्रासच्या उकाड्याची त्याची सवय मोडलेली. एक दिवस दुपारी तो मला म्हणाला, "गुंडू, तू जरा पुढे बस. मला थोडं पडू दे. तुला सगळं पाठ झालंच असेल." मला पाठ झालंच होतं. "फक्त एक कर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते कॉफीचं तेवढं गाळ. आईला त्रास होतो."

आता तुम्हीच सांगा. गोष्ट सांगायची, आणि शेवट गाळायचा! माझ्यासारख्या माणसाच्या हाती असली जागा रिकामी देणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवण्यासारखं होतं. पहिल्या दोघांना मी प्रामाणिकपणे "कॉफी घेतली आणि मान टाकली" असं सांगितलं. त्यांची तोंडं पडली. एक म्हणाले, "काहीच बोलला नाही?" त्यांच्या आवाजात अशी काही निराशा होती की बसचं तिकीट काढून आलो आणि हे! मला त्यांची दया आली. तिसऱ्याला मी सांगितलं, "राम राम म्हणाले." त्यानं मान डोलावली, 'च् च्' केलं, पण सवयीनं, राम राम सगळेच म्हणतात. चौथी एक म्हातारी होती, मामींच्या माहेरची. तिला मी सांगितलं की मामांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि विचारलं, "अंबू गाडीला गेली का?" म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. खरं सांगतो, त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे पहिला पगार हातात आला तेव्हाही वाटलं नाही. अप्पांनी इतकी वर्षं मला ऐकणाऱ्याचं शास्त्र शिकवलं होतं. सांगणाऱ्याचं शास्त्र मी माझं मीच त्या दुपारी शोधून काढलं.

मग मी थांबतो कशाला! मुकुंदअण्णा दुसऱ्या दिवशीही आत पडून राहिला आणि तिसऱ्याही दिवशी. माझे मामा दिवसेंदिवस बोलके होत गेले. संध्याकाळी पोस्टमास्तर आले, मामांचे रोज समुद्रावर फिरायला जायचे सोबती, बसायला उत्तम आणि उठायला अवघड असे अप्पा म्हणत तेच. त्यांच्यासाठी मी ठेवणीतलं काढलं. मामांनी चष्मा काढला, खोलीतून चौफेर नजर फिरवली, त्या भिंती, तो झोपाळा, ते देवघर, सगळं एकदा डोळे भरून पाहिलं, आणि मामींचा हात धरून म्हणाले, "काही झालं तरी हे घर सोडू नका." असं मी सांगितलं. का सांगितलं? ते वाक्य छान वाटलं म्हणून. माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "रघुनाथ इतकं बोलला? मी त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं दीपस्तंभापर्यंत चालत गेलो. जाताना 'वारा आहे' म्हणायचा आणि येताना 'वारा पडला'." मी म्हटलं, "शेवटी माणसाला वाचा फुटते, मामा." हे कुठून आलं देव जाणे. ते मात्र त्यांना पटलं, आणि ते लगेच उठले. पोस्टमास्तरांना उठवणारा मी पहिलाच.

दोन दिवसांनी मी कूजा घेऊन मागच्या दारानं आत गेलो तर अंबूअक्का विहिरीपाशी एकटीच बसली होती. डोळे सुजलेले. मला पाहून म्हणाली, "गुंडू, इकडे ये डा. बाबा खरंच असं म्हणाले? मी गाडीला गेले का असं विचारलं त्यांनी?" माझ्या हातातला कूजा एकदम जड झाला. समोरच्या खोलीत बसून चटईवरच्या लोकांना सांगणं वेगळं. त्या लोकांचा बाप मेलेला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "आणि घर सोडू नका असं? सगळे मला येऊन सांगताहेत. आई मला काही बोलली नाही." मग तिनंच मला ते सांगितलं जे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मुकुंदअण्णा आल्या दिवशीच घरमालकाला भेटून आला होता. तेराव्यानंतर घर खाली करायचं, सामान विकायचं, आणि आई नि बहीण दोघींना नागपूरला घेऊन जायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. बायकांनी बाप्याशिवाय एकट्यानं कसं राहायचं, लोक काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं. अंबूअक्कानं शाळेला राजीनामा द्यायचा. "तिथे मी काय करू?" ती म्हणाली. "त्याची मुलं सांभाळू? आणि आई? तिथे वहिनी सकाळी चहा करते रे. आईनं जन्मात चहा घेतला नाही." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. मी तोंड उघडलं. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. पण आतून मुकुंदअण्णाची हाक आली आणि ती डोळे पुसत उठून गेली.

घरी आल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं, म्हणजे सांगावं लागलं, कारण त्यांच्या कानावर ते दुसरीकडून आधीच आलं होतं. ते जेवत होते. त्यांनी ताकाचा भात कालवायचा थांबवला. "घर सोडू नका?" ते म्हणाले. "चष्मा काढून?" मी मान खाली घातली. "गुंडू, समाचाराला जाऊन लोकांनी काय काय केलेलं मी पाहिलं आहे. झोपलेले पाहिले आहेत. भांडलेले पाहिले आहेत. एकजण चुकून दुसऱ्याच घरी गेला आणि तिथं रडून आला. पण मेलेल्याच्या तोंडात शब्द घालणारा आमच्याच घरात निघावा!" आई म्हणाली, "पोरगा चुकला, पण त्या यमुनेच्या कॉफीचं तरी लोकांच्या तोंडून गेलं." अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढचं वाक्य ताकाबरोबर गिळून टाकलं. ठरलं असं की तेराव्याला मी वाढायला जायचं, मान खाली घालून राहायचं, आणि कुणी काही विचारलं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही.

तेराव्याची पंगत उठायच्या बेतात होती. केळीच्या पानांवर वड्याचे तुकडे आणि पायसाचे ओघळ. बाहेरच्या खोलीत पुरुषांची रांग, त्यात अप्पा आणि पोस्टमास्तर शेजारी शेजारी. आत दाराआड बायका, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून मामी. मी पायसाची बादली घेऊन मधोमध उभा. मुकुंदअण्णा हात धुऊन आला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि त्याच्या त्या शुद्ध मराठीत म्हणाला, "आपण सर्वांनी फार आधार दिलात. आता या महिन्याअखेर आम्ही हे घर सोडत आहोत. आई आणि अंबू माझ्यासोबत नागपूरला येतील."

पोस्टमास्तरांनी पानावरून मान वर केली. "पण रघुनाथ तर म्हणाला, घर सोडू नका."

"कोण म्हणालं?"

"रघुनाथ! शेवटचे शब्द. सगळ्यांना ठाऊक आहे की." आणि रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. अप्पांनी तेवढी हलवली नाही. ते पानावर उरलेला एक मिरीचा दाणा निरखत होते.

मुकुंदअण्णाची नजर रांगेवरून फिरत फिरत बादलीवर आली आणि बादलीवरून वर. "गुंडू. तू होतास तिथे?"

"नाही."

"मग हे तुला कुणी सांगितलं?"

मी पळी बादलीत घट्ट धरून उभा होतो. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, म्हणजे मामांचे शेवटचे शब्द डिकाक्शन पातळ आहे हेच होते असं सगळ्या पंगतीदेखत जाहीर करायचं आणि अंबूअक्काला नागपूरच्या गाडीत बसवायचं. किंवा आणखी एक थाप मारायची, आणि त्या क्षणी, जन्मात पहिल्यांदाच, मला एकही सुचत नव्हती.

"मी सांगितलं," दाराआडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामी दिसत नव्हत्या, नुसता आवाज. रडका नव्हता. बाजारात भाजीवालीला दर सांगतात तसा होता.

"आई, तू?" मुकुंदअण्णा म्हणाला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? आल्या आल्या आंघोळ करून घरमालकाकडे गेलास."

"पण तू मला सांगितलंस ते..." तो थांबला. कारण पुढचं वाक्य त्याला उच्चारता येण्यासारखं नव्हतं. आपल्या बापाचे शेवटचे शब्द काय होते हे हिशेबतपासनीसाला पंगतीत जाहीर करायचं तर त्याला कॉफीची गोष्ट काढावी लागली असती, आणि ती त्यानं स्वतःच गाळायला सांगितली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पोस्टमास्तर घसा खाकरून, अगदी समाचाराच्या सुरात म्हणाले, "वहिनी, आणखी काही म्हणाला का तो?"

मामींनी जराही वेळ घेतला नाही. "म्हणाले," त्या म्हणाल्या. "कॉफी फार छान झाली म्हणाले."

रांगेतून एकदम 'च् च्' झालं. एका सुरात, एका तालात, जसं अप्पांना आयुष्यभर हवं होतं तसं. आतून बायकांच्या हुंदक्यांचे आवाज आले, आणि पूड दाबायची ती पद्धत दाखवून गेलेली बाई सर्वांत मोठ्यानं रडली. आमच्या अप्पांनीही टाळूला लावलेली जीभ सोडली. मुकुंदअण्णानं आणखी थोडा वाद घातला, पण मेलेल्या बापाविरुद्ध आणि जिवंत आईविरुद्ध एकाच वेळी बोलायची ताकद नागपूरच्या शुद्ध मराठीतही नव्हती. तो दोनतीन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, "तू वकील हो." मी झालो नाही. एका विमा कंपनीत टायपिस्ट झालो, आणि लोकांच्या मृत्यूची कारणं जशीच्या तशी, एक अक्षर न बदलता, टाइप करण्यात आयुष्य काढलं. देवाचा न्याय म्हणतात तो हाच असावा.

पुढच्या आठवड्यात अंबूअक्का पुन्हा पहाटेच्या गाडीला जायला लागली. मी तिला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं आणि माझी छाती अशी काही फुगली की त्या दिवशी टायपिंगच्या वर्गाला न जाता मी सरळ मामींकडे गेलो. त्या अंगणात वाटण वाटत होत्या. मी उगाच इकडचं तिकडचं बोललो, उकाड्याबद्दल, घरमालकाबद्दल, आणि मग मुद्द्यावर आलो. "मामी," मी म्हटलं, "बघा, शेवटी सगळं नीट झालं की. माझ्या हातून चुकलं खरं, पण त्यातून तुमचं..." आणि कौतुकाची वाट पाहत थांबलो.

मामींनी वरवंटा बाजूला ठेवला, हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेलेला माणूस उठून थोबाडीत मारत नाही म्हणून तुझं फावलं, गुंडू," त्या म्हणाल्या. "मी मेले की समाचाराला ये, बस, रड, काय वाटेल ते कर, पण तोंड उघडायचं नाही. माझे शेवटचे शब्द काय आहेत ते मी अंबूला आत्ताच सांगून ठेवलं आहे."